रुख्मिणी आणि समुद्राकाठची मुलगी

आषाढातली अमावस्या जवळ आली की वाशीमच्या आमच्या आळीतल्या बायका रुख्मिणीशी गोड बोलायला लागत. एरवी तिच्याशी बोलायची सोय नव्हती. ती कोणाला तोंडावर काय सुनावेल याचा नेम नसे, आणि आवाज असा की तिचे घरातले बोलणे चार घरांना फुकट ऐकायला मिळे. पण जिवती काढावी तर रुख्मिणीनेच, यावर साऱ्या आळीचे एकमत होते.

जिवती म्हणजे लेकरांना आयुष्य देणारी देवी. त्या अमावस्येला आमच्या आळीत घरोघरी भिंतीचा एक तुकडा पांढऱ्या मातीने सारवायचे, त्यावर गेरूने जिवती काढायची, आणि तिच्या मांडीवर, कडेवर, पायाशी त्या घरातले प्रत्येक लेकरू काढायचे. डोळे सगळ्यांत शेवटी. काढणारी बाई तुरीच्या काडीचे टोक काजळात बुडवते, लेकराचे नाव मोठ्याने घेते आणि दोन ठिपके देते. याला डोळे उघडणे म्हणायचे. डोळे उघडले की ते लेकरू वर्षभर देवीच्या नजरेत राहिले. नाव न घेता उघडलेले डोळे अर्धेच उघडले, असे रुख्मिणीचे म्हणणे होते, आणि तिच्यापुढे दुसरे म्हणणे मांडायची कोणाची छाती नव्हती.

तिचाच हात का, तर तिला सात लेकरे होती आणि सातही जिवंत. आज हे वाचून कोणाला काही वाटणार नाही. पण तापाच्या मोठ्या साथीत ज्या आळीतून दर दिवसाआड कोणीतरी उचलले जात होते, त्या आळीत तिच्या घरातून एक जीव गेला नव्हता. ती मूळची रिठद गावची. वाशीमला जगदेवच्या घरात दिली तेव्हा तिला भाकरी धड थापता येत नव्हती म्हणे. पण येतानाच जिवती काढायचा हात घेऊन आली होती. जगदेव शांत शेतकरी, गावाबाहेर त्याचे वावर होते. घरात बोलायचे काम त्याने बायकोवर सोपवून टाकले होते.

मी हे दुरून सांगत नाही. तिचे घर आणि आमचे घर यांत एक भिंत होती, आणि ती भिंतही रुख्मिणीला अडथळा वाटत नसे.

आम्ही वाशीमला आलो ते सन पस्तीसच्या सुमारास. माझे यजमान शाळेत चित्रकलेचे मास्तर म्हणून आले. गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही तसेच लिहिते. सामान ट्रंकांपेक्षा चित्रांचेच जास्त. पहिल्याच दिवशी रुख्मिणी आमच्या दारात येऊन उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

"लेकरं किती?" तिचा पहिला प्रश्न.

"एक मुलगी," मी म्हणाले.

"मंग कुठी हाये ते?"

"कोकणात. माझ्या माहेरी."

हे खोटे नव्हते. माझी मुलगी कोकणातच होती. वयाच्या चौथ्या वर्षी घशाच्या दुखण्याने ती गेली आणि माझ्या माहेरच्या समुद्राकाठी, केवड्याच्या बनामागे आम्ही तिला ठेवली. पण अनोळखी गावात, अनोळखी बाईला, उंबऱ्यात उभ्या उभ्या हे कसे सांगायचे? मी सांगितले नाही आणि त्याचे मला आजही काही वाटत नाही. ज्याचे दुःख त्याने ते कुठे उतरवायचे हे त्याने ठरवावे.

मला जाळत होते ते दुसरेच. मुलगी गेली त्या दिवसापासून मास्तरांनी तिचे नाव घेतले नव्हते. एकदाही नाही. मी नाव काढले की ते उठून बाहेर जात, म्हणून मीही काढेनाशी झाले. तिचा फोटो नव्हता. कपडे माझ्या आईने कोणाकोणाला देऊन टाकले होते. उरले होते ते नाव, आणि तेही आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हते. रोज चूल पेटवताना मला वाटे, या माणसाने एकदा, फक्त एकदा, तिच्या नावाने तिला हाक मारावी. नाहीतर ती जन्मली होती याचा साक्षीदार मी एकटीच उरेन.

नाव घेत नव्हते, पण मास्तर तिचा समुद्रकाठ रंगवत होते. समुद्र, वाळू, वाळूवर माणसे. चित्रामागून चित्र.

ही चित्रे कशी होती ते सांगायला हवे. मास्तर मुंबईला शिकले होते, आणि तिथे त्यांच्या डोक्यात विलायतेकडची एक रीत शिरली होती: वस्तू रंगवायची नाही, वस्तूवरचा उजेड रंगवायचा. रेघ नाही, कड नाही. रंगाचे फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे आणि बाकीचे काम बघणाऱ्याच्या नजरेवर सोडायचे. जवळून पाहिले तर सारवणाचा पोतेरा. मागे सरकले की त्यातून लाट उठते, ओले लुगडे अंगाला चिकटते, वाऱ्यात पदर उडतो. लग्नानंतर मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. समुद्राच्या कुशीत वाढलेली मी, पण भरतीच्या आधी पाणी क्षणभर श्वास धरून थांबते ते मला माझ्या नवऱ्याच्या चित्राने दाखवले. माणूस म्हणून मी त्यांच्यावर कितीही चिडले असेन, त्यांच्या हाताला मात्र मी कायम हात जोडत आले.

रंगांसाठी ते तेल्याकडून जवसाचे तेल आणत आणि बाटल्यांत भरून घराच्या सपाट धाब्यावर उन्हात ठेवत. तेल निवळायला महिने लागत. आळीत बातमी पसरली की मास्तर सांधेदुखीवर औषध करतात. रुख्मिणी तेच मागायला आली, आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या चित्रांपुढे खिळून उभी राहिली.

"माय वं!" ती म्हणाली. "जवस फुललं जनू!"

जवसाचे फुललेले वावर मी तोवर पाहिले नव्हते. पुढे पाहिले, आणि कबूल करते, वाऱ्यावर हलणारे ते निळे रान पाहून मलाही आधी समुद्रच आठवला.

"पन ह्या बाया जवसात उभ्या राहून काय करून राह्यल्या?" रुख्मिणीने विचारले.

"जवस नाही, रुख्मिणीबाई. तो समुद्र आहे. सगळे पाणी."

"सगळं? मंग पल्याडचा काठ कुठी हाये?"

"दिसत नाही. डोळा पोचत नाही तिथवर पाणीच."

ती चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "काठ नाई, तं मंग पानी थांबते कशानं?"

मास्तर आतून बाहेर आले होते. "मलाही कोणी सांगितलेले नाही," एवढेच ते म्हणाले.

त्या दिवसापासून रुख्मिणी रोज दुपारी येऊ लागली. औषध राहिले बाजूला. पदराने हात पुसायचे आणि चित्रांसमोर बसायचे. तिला समुद्राचे वेड लागले असे म्हटले तरी चालेल. मास्तर शाळेत असले की आम्ही दोघी एकेक चित्र उजेडाला लावून बघत असू, आणि दोघींचीही तोंडे चालू.

सकाळच्या चित्रात कोळणी टोपल्या घेऊन ओल्या वाळूवरून चालल्या होत्या. वाळूत मास्तरांनी जांभळा ओतला होता. "जांभळी माती कुठी असते का?" रुख्मिणी म्हणाली. मी म्हटले, ती सावली आहे. तिने ओठ मुडपले. दुसऱ्या दिवशी मात्र ती दारातूनच ओरडत आली. संध्याकाळी वावरातून येताना तिने बैलाच्या सावलीकडे पाहिले होते. काळ्या मातीवर सावली जांभळी पडली होती! "आयुष्य गेलं ना बाई त्या वावरात, अन् मले कधी दिसली नाई ते!" सांगताना तिचे डोळे भरून आले. जगदेवलाही तिने थांबवून दाखवली होती. त्याला काही दिसले नाही, पण त्याने मान डोलावली.

मोठ्या लाटेचे एक चित्र होते. लाटेखाली दोन माणसे होडी ओढताहेत असे. मला ते कधीच आवडले नव्हते; फार जोर लावलेला, आणि निळा इतका की डोळे दुखावेत. रुख्मिणीने ते पाहिले आणि तोंड वाकडे केले. "हे पानी चालून नाई राह्यलं. भीत उभी केली मास्तरानं." मी ते भिंतीचे बोलणे संध्याकाळी मास्तरांना जसेच्या तसे सांगितले. मास्तर हसले. ते चित्र त्यांनी पाहिलेले आठवून नाही, नुसते कल्पनेने काढले होते, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक होते.

आणि मग ते चित्र. मोठे, सगळ्यांत नवे, अजून पुरते न वाळलेले. संध्याकाळची ओहोटी. साऱ्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा, त्यात आकाश उतरलेले. डावीकडे एक बाई उभी, निळ्या लुगड्यात. ती मी. आणि पुढे, पाण्याच्या कडेशी, बोटाएवढा एक गुलाबी-पांढरा फटकारा.

रुख्मिणीने जवळ जाऊन पाहिले. रंगाचा गोळा. मग ती मागे मागे सरकत दारापर्यंत गेली आणि एकदम तिने तोंडावर हात ठेवला.

"पोरगी पयते! बाई, पोरगी पयून राह्यली!"

ती पुन्हा जवळ गेली: गोळा. पुन्हा दारात: मुलगी पळतेय, फ्रॉक उडतोय, ओल्या वाळूत तिचे प्रतिबिंब तिच्याबरोबर पळतेय. सात लेकरांची आई ती, पण दार आणि चित्र यांच्यामध्ये तिने इतक्या फेऱ्या मारल्या की मला हसू आले. "हे तुमचीच ना? कोकनातली?" तिने विचारले. मी होकारार्थी मान हलवली.

तिचा आनंद फार टिकला नाही. ती चित्राजवळ वाकली, आणि तिचा चेहरा उतरला. "हिले डोये नाई."

"डोळे कोणालाच नाहीत," मी म्हटले. "कोळणींना तरी कुठे आहेत?"

"थ्या लोकाच्या बाया. हे आपली पोरगी हाये. अशी ठेवू नये, बाई."

मास्तर आल्यावर तिने त्यांना गाठले. त्यांनी मुळीच न चिडता समजावले, आणि समजावले ते चांगले. माणूस लांब गेला की आधी त्याचे डोळे हरवतात, मग चेहरा, शेवटी उरते ती चाल. चालीवरूनच आपण ओळखतो की नाही? एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत. दाखवले तर ते खोटे होईल. रुख्मिणीने सगळे ऐकून घेतले. पटले, असे ती म्हणाली नाही.

अमावस्येच्या दिवशी ती सकाळीच गेरू, काजळ आणि काड्या घेऊन आली. मी नको म्हटले. आमच्या घरी जिवती काढायची रीत नाही, असेही सांगून पाहिले. "पोरगी हाये तं जिवती पायजे," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराची भिंत सारवायला बसलीसुद्धा. तिला अडवायचे तर खरे सांगावे लागणार होते. मी खाली मान घालून डाळ निवडत राहिले.

आणि तिचा हात बघत राहिले. काय हात तो! ना मोजमाप, ना खोडाखोड. बोटाला चिंधी गुंडाळून गेरूत बुडवायची आणि एका ओघात खांदा, दंड, कुशीचा गोल. मास्तरांच्या चित्रात उजेड माणसाला हळूहळू घडवतो. इथे माणूस एकदम येऊन उभा राहत होता, भिंतीतून बाहेर आल्यासारखा. जिवतीच्या कडेवर तिने एक मुलगी काढली. मग काडी काजळात बुडवली, देवीचे डोळे उघडले आणि माझ्याकडे वळली.

"नाव सांगा पोरीचं."

मी ताट खाली ठेवले आणि मागच्या अंगणात गेले. विहिरीच्या कट्ट्याला धरून उभी राहिले. वर्षांमागून वर्षे मी ज्याची वाट पाहत होते तो प्रश्न कोणीतरी विचारला होता, आणि त्याचे उत्तर मी नाही, मास्तरांनी द्यायला हवे होते.

परत आले तेव्हा स्वयंपाकघर रिकामे होते. भिंतीवरच्या मुलीला डोळे नव्हते. रुख्मिणी पुढच्या खोलीत होती, मोठ्या चित्रासमोर, काडी हातात धरून. मला पाहून ती समाधानाने म्हणाली, "भितीवरची राहू द्या, मागून उघडू. पन हे पानी जवळ हाये, अन् हे आंधयी पयते. मले राहवलं नाई. उघडले डोये. आता नाव तेवढं घ्याचं राह्यलं."

गुलाबी-पांढऱ्या फटकाऱ्यात, खसखशीएवढे दोन काळे ठिपके.

मला ओरडायचे होते. मी मागे सरकले, दाराशी गेले, आणि तिथून माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. ती पळत होती आणि पळता पळता तिने मान वळवून पाहिले होते. मी हे कल्पनेने लिहीत नाही. ती बघत होती.

तेवढ्यात मास्तर शाळेतून आले. सण म्हणून शाळा लवकर सुटली होती. दप्तर खांद्यावर तसेच ठेवून ते चित्राकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे कोणी केले?"

"म्या," रुख्मिणी म्हणाली.

मास्तर कधी कोणावर आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. चित्र मेले, ते म्हणाले. साऱ्या ओहोटीतला उजेड गेला. आता बघणाऱ्याची नजर या दोन ठिपक्यांवर जाऊन आपटणार आणि तिथून हलणार नाही. मला हे प्रामाणिकपणे लिहिलेच पाहिजे की त्यांचे बरोबर होते. आकाश, पाणी, माझे निळे लुगडे, सगळे मागे गेले होते. चित्र म्हणून ते बिघडले होते.

"शंभरदा सांगितले तुम्हाला," मास्तर म्हणाले, "एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत!"

"तुमाले नसतीन दिसत," रुख्मिणी म्हणाली. तिने निळ्या लुगड्यातल्या बाईवर बोट ठेवले. "हिले इचारा. मायले दिसतात."

मास्तरांनी कोनाड्यातली चिंधी घेतली, टर्पेंटाइनच्या बाटलीचे बूच काढले.

"पुसू नका, मास्तर!" रुख्मिणी आडवी आली. तिचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला ऐकला मी. "उघडले डोये मिटू नये. कोनी लेकरवाली मिटत नाई. तुमच्या पाया पडतो, नाव सांगा पोरीचं, मी नाव घेतो, अन् मंग मले काय म्हनाचं थे म्हना."

"ती गेली, रुख्मिणीबाई," मी म्हणाले. "आम्ही इथे यायच्या आधीच गेली. ती नाहीच."

रुख्मिणीने माझ्याकडे पाहिले, मग चित्राकडे, मग स्वतःच्या हाताकडे. काजळाची काडी अजून बोटांत होती. ती हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. ज्या हातावर साऱ्या आळीची लेकरे सोपवलेली होती, तो हात तिने पदराखाली घेतला, चटका बसल्यासारखा. "मी आयुष्य मांगतलं तिच्यासाठी," ती पुटपुटली. "आत्ता मांगतलं."

मास्तर चिंधी घेऊन चित्राजवळ गेले. मी त्यांना अडवले नाही. मला अडवायचे नव्हते. मला काय हवे होते ते मी इतके दिवस गिळत आले होते आणि आता माझ्यात मागायचेही त्राण नव्हते. त्यांनी हात वर नेला. हात तिथेच राहिला. इतक्या जवळून त्यांना रंगाशिवाय काही दिसत नव्हते, आणि चित्रकार माणूस बघितल्याशिवाय हात लावत नाही. ते सवयीने मागे सरकले. एक पाऊल, आणखी एक, पाठ दाराच्या चौकटीला लागेपर्यंत.

मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला तो क्षण कळला. ती त्यांनाही दिसली.

चिंधी त्यांच्या हातातून पडली. त्यांनी मान जराशी उंचावली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि वाळूवर फार पुढे गेलेल्या पोरीला बाप जशी हाक मारतो तशी, घर भरून जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, लांबवून हाक मारली.

"मथूऽऽ!"

हाक खोलीत घुमली आणि विरली. मास्तर तसेच उभे होते, हात तोंडाशी, कान लावून. त्यांच्याकडे बघवेना.

भिंतीशी बसलेल्या रुख्मिणीने डोळ्यांना पदर लावला आणि बारीक आवाजात म्हटले,

"ओ, बाबा."